रिटर्न भरलं नाही म्हणून जीएसटीची ऑर्डर आली, आता काय करायचं?

जीएसटी पोर्टलवर एएसएमटी-१३ नावाची ऑर्डर येऊन पडली, सोबत डीआरसी-०७ म्हणजे मागणीचा गोषवारा आणि त्यात लाख-दीड लाखाचा आकडा, की माणूस आधी घाबरतो, मग टॅक्सवाल्याला फोन लावतो, तो उचलत नाही म्हणून शेजारच्या दुकानदाराला विचारतो, आणि शेजारचा सांगतो अपील कर नाहीतर ऑफिसात जाऊन साहेबांना भेट. आपल्या बेळगाव भागात, खडेबाजारात, उद्यमबागेत, निपाणीत, खानापुरात सगळीकडे हेच चालतं आणि या धावपळीत जे पहिल्यांदा करायचं तेच मागे राहतं. म्हणून जरा बैजवार लिहितोय, थोडं लांबेल पण पूर्ण वाचा, कारण यात दिवस मोजलेले असतात.

आधी मुद्द्याचं सांगतो. बहुतेक केसमध्ये या ऑर्डरचं उत्तर एकच, राहिलेलं रिटर्न मुदतीत भरून टाकणं. रिटर्न नीट भरलं की ऑर्डर मागे घेतली असं कायदाच धरतो, जीएसटी कायद्याच्या कलम ६२ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. मग फक्त व्याज आणि लेट फी राहते. आपली माणसं काय करतात तर ऑर्डरमधला आकडा कसा चुकीचा आहे याचं चार पानी पत्र लिहून देतात आणि रिटर्न तसंच ठेवतात. पत्राने ऑर्डर जात नाही.

आता ही ऑर्डर येते कशी ते बघा. दर महिन्याचं जीएसटीआर-३बी, म्हणजे टॅक्स भरायचं रिटर्न, पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं असतं, तिमाहीवाल्यांना कर्नाटकात तिमाही संपल्यावर २२ तारखेपर्यंत. ते चुकलं की सिस्टीममधून जीएसटीआर-३ए नोटीस निघते, कलम ४६ ची, तिच्यात १५ दिवस दिलेले असतात. या नोटिशीला वेगळं उत्तर टाकायची गरज नसते, १५ दिवसांत रिटर्न भरलं की विषय संपला. नाही भरलं तर अधिकाऱ्याला अधिकार मिळतो की हातात जी माहिती आहे त्यावरून त्याने स्वतःच टॅक्स ठरवावा, आणि त्यासाठी पुन्हा वेगळी नोटीस किंवा सुनावणी द्यायचं बंधन कलम ६२ मध्ये त्याच्यावर नाही. तीच ही एएसएमटी-१३.

आकडा एवढा मोठा का येतो? अधिकारी तुमचं जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न बघतो, माल गाडीतून नेताना काढलेली ई-वे बिलं बघतो, तुम्हाला माल विकणाऱ्यांनी काय दाखवलंय ते बघतो आणि विक्रीवरचा टॅक्स काढतो. खरेदीवर तुम्ही भरलेला टॅक्स, म्हणजे आयटीसी, तो सहसा वजा करत नाही कारण आयटीसी रिटर्नमध्येच मागायची असते आणि रिटर्न तर भरलेलं नाही. समजा तुमच्या विक्रीवरचा टॅक्स १,२०,००० झाला आणि खरेदीची आयटीसी ९६,००० आहे, तर खरं म्हणजे रोख भरायचे २४,००० च. ऑर्डर मात्र १,२०,००० ची येणार, वर व्याज. हेच रिटर्न १५० दिवस उशिरा भरलंत तर २४,००० टॅक्स, त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी साधारण १,७७५ रुपये व्याज, आणि लेट फी दिवसाला ५० प्रमाणे ७,५०० होत असली तरी दीड कोटीपर्यंत टर्नओव्हर असलेल्यांना ती एका रिटर्नला २,००० च्या वर जात नाही. म्हणजे २८,००० च्या आत काम होतंय, आणि माणूस सव्वा लाखाच्या आकड्याकडे बघून रात्रभर जागा. (दीड ते पाच कोटीवाल्यांना ही फी जास्तीत जास्त ५,०००, त्यावर १०,०००, आणि निल म्हणजे व्यवहारच नसलेलं रिटर्न असेल तर दिवसाला २० आणि जास्तीत जास्त ५००.)

पण हे सगळं दिवसांवर आहे आणि इथेच लोक मार खातात. ऑर्डर मिळाल्यापासून ६० दिवस. पूर्वी ३० होते, १ ऑक्टोबर २०२३ पासून ६० झाले, जुने लेख वाचून तीसच दिवस म्हणून हातपाय गाळू नका. ते ६० पण गेले तर आणखी ६० दिवस मिळतात पण त्यात उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये जास्तीची लेट फी, केंद्राच्या कायद्यात तशी तरतूद आहे आणि राज्याच्या कायद्यातही आहे, तेव्हा दोन्ही धरून हिशोब करा. दुसरीकडे अपिलाची मुदत तीन महिने, आणि योग्य कारण असेल तर अपील अधिकारी वरचा एक महिना माफ करू शकतो, त्याच्या पुढे त्याच्याही हातात नाही. आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा, ६० अधिक ६० म्हणजे १२० दिवस आणि तीन अधिक एक म्हणजे चार महिने, दोन्ही दारं जवळपास एकाच दिवशी बंद होतात. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलेल्या माणसाकडे काहीच उरत नाही. म्हणून माझं मत, पहिल्या ६० मध्येच संपवा, दुसरे ६० आहेतच कशाला असा विचार करू नका.

दिवस कधीपासून मोजायचे? ऑर्डर तुमच्यापर्यंत पोचवल्यापासून, आणि पोचवायच्या मान्य पद्धती कलम १६९ मध्ये आहेत, त्यात पोस्ट आहे, ईमेल आहे, तशी पोर्टलवर टाकणं ही पण एक आहे. म्हणजे पोस्टमन आला नाही, मला कागद मिळालाच नाही, हे म्हणणं अधिकाऱ्यासमोर सहसा टिकत नाही. आपल्याकडे रजिस्ट्रेशनच्या वेळी मोबाईल आणि ईमेल टॅक्सवाल्याचा टाकलेला असतो, चार वर्षांत तो माणूस बदलतो, त्याचा नंबर बदलतो, आणि नोटिसा जात राहतात त्या जुन्या ईमेलवर. आजच बघा तुमच्या रजिस्ट्रेशनवर कोणाचा नंबर आहे. आणि पोर्टलवर बघताना सर्व्हिसेस, मग यूजर सर्व्हिसेस, तिथे दोन वेगवेगळी ठिकाणं आहेत, व्ह्यू नोटिसेस अँड ऑर्डर्स एक आणि व्ह्यू ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स दुसरं, दोन्ही उघडा. पहिलं रिकामं बघून बरेच जण निश्चिंत होतात आणि कागद दुसऱ्यात पडलेला असतो.

आता सगळ्यात भांडणाचा भाग, "मी तर रिटर्न भरलंय, तरी ऑर्डर कशी आली?" हे म्हणणारे खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच वाटत असतं की भरलंय. पण भरलं म्हणजे नक्की काय झालं ते तपासावं लागतं.

एक म्हणजे चलन भरलेलं असतं, बँकेतून पैसे गेलेले असतात, ते कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या जमा खात्यात, पडून असतात आणि रिटर्न तसंच राहिलेलं. पैसे कॅश लेजरमध्ये आहेत म्हणजे सरकारला टॅक्स पोचला असं होत नाही, ३बी फाईल केल्यावरच ते तिथून वळते होतात. यात एक दिलासा आहे, शेवटच्या तारखेच्या आत लेजरमध्ये जी रक्कम होती आणि रिटर्न भरताना वळती झाली तेवढ्या रकमेवर उशिराचं व्याज लागत नाही, जुलै २०२४ मध्ये नियम ८८बी ला ही जोड दिली गेली. लेट फी मात्र लागते. दुसरं म्हणजे जीएसटीआर-१ भरलं आणि ३बी राहिलं, बिलांची माहिती दिली आणि टॅक्सचं रिटर्न दिलंच नाही. तिसरं, सगळं टाईप केलं, सेव्ह केलं, आणि ओटीपी टाकून फाईल करायचं राहून गेलं.

आणि चौथं आपल्या भागाचं खास. बेळगावात कारखाना, शिनोळीत दुसरं युनिट, हे उद्यमबाग-मच्छेवाल्यांना काही नवीन नाही, शिनोळी चंदगड तालुक्यात म्हणजे महाराष्ट्रात, गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. तसंच निपाणीत दुकान आणि कागलला गोडाऊन. मालक एक, पॅन एक, अकाउंट्स लिहिणारा पोरगाही एकच, पण जीएसटी नंबर दोन. बेळगावचा २९ ने सुरू होतो, शिनोळीचा २७ ने. कायद्याच्या नजरेत ही दोन वेगळी माणसं आहेत, एकाकडून दुसऱ्याकडे माल गेला तरी त्यावर आयजीएसटी, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालावरचा जीएसटी, लागतो. आता होतं काय, पोरगा २७ च्या लॉगिनमध्ये बसलेला असतो आणि २९ ची विक्री तिथेच घालून टाकतो, किंवा २९ चा टॅक्स २७ च्या चलनावर भरतो. टॅक्स गेला, रिटर्नही गेलं, पण बेळगावच्या ऑफिसच्या स्क्रीनवर २९ समोर त्या महिन्याला कोरं. ऑर्डर येते आणि मालक म्हणतो "काय ओ, दोन-दोनदा टॅक्स घेतात." म्हणून ऑर्डर हातात आली की आकडा बघायच्या आधी जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक बघा, मग टॅक्स पिरियड बघा, मग कुठलं रिटर्न म्हणतायत ते बघा. चुकीच्या राज्याच्या कॅश लेजरमध्ये पैसे पडून असतील तर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि आयजीएसटी खात्यातली रक्कम पीएमटी-०९ फॉर्मने त्याच पॅनच्या दुसऱ्या नंबरला नेता येते, त्या नंबरची देणी थकलेली नसतील तर. एसजीएसटी म्हणजे राज्याच्या वाट्याची रक्कम तशी नेता येत नाही, तिचा रिफंड मागावा लागतो, कारण ती ज्या त्या राज्याची. तोवर २९ चं रिटर्न अडवून ठेवू नका, ते वेगळं भरून मोकळे व्हा आणि तिकडच्या पैशांच्या मागे नंतर लागा.

भरलंय की नाही याची खात्री लॉगिन न करता पण होते. पोर्टलवर सर्च टॅक्सपेयरमध्ये जीएसटी नंबर टाका, फाईलिंगची टेबल उघडते, कुठलं रिटर्न कुठल्या तारखेला भरलं ते दिसतं. तिथे तारीख असेल तर तुमचं बरोबर, नसेल तर भरलेलं नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

समजा तारीख आहे, ऑर्डरच्या आधीची आहे, तरी ऑर्डर आली. असं होतं, यादी आधी निघालेली असते आणि रिटर्न मधल्या दिवसांत भरलेलं असतं. अशा वेळी भरलेल्या रिटर्नची पीडीएफ, त्यावरचा एआरएन म्हणजे पोचपावतीचा नंबर आणि तारीख लावून कलम १६१ खाली दुरुस्तीचा अर्ज करा, रेकॉर्डवर उघड दिसणारी चूक सुधारायचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. हा अर्ज ऑर्डरच्या तारखेपासून तीन महिन्यांत द्यायचा. पण तो देऊन गप्प बसू नका, उत्तर येईना असं दिसलं तर अपिलाची मुदत संपायच्या आत अपील पण टाका.

आणि खरोखरच भरलेलं नसेल, मग वेळ न घालवता बसा आणि भरा. यात अडचणी आहेत त्या आधी माहिती असू द्या. मधलं एकच रिटर्न भरता येत नाही, आधीची राहिलेली असतील तर ती एकेक करून क्रमाने भरावी लागतात, म्हणजे ऑर्डर ऑगस्टची असली तरी जून-जुलै बाकी असेल तर सुरुवात जूनपासून. टॅक्स पूर्ण भरल्याशिवाय ३बी फाईल होत नाही, अर्धे आता अर्धे नंतर असं जमत नाही, तेव्हा पैशाची सोय ६० दिवसांत करावी लागते, सोसायटीतून काढा, पतसंस्थेतून काढा, पण धरून चाला की लागणार. आयटीसीची पण मुदत आहे, ज्या आर्थिक वर्षाचं बिल ते वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, ती तारीख उलटून रिटर्न भरलं तर खरेदीची वजावट गेली आणि वरच्या उदाहरणातले २४,००० चे खरंच १,२०,००० होतात. धंदेवाल्याला सगळ्यात मोठा फटका बसतो तो इथे, ऑर्डरने नव्हे.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून तीन वर्षं झाली की ते रिटर्न भरताच येत नाही, कायद्यात हे २०२३ च्या ऑक्टोबरपासून आलंय. पण कलम ६२ ची ऑर्डर काढायला खात्याकडे वार्षिक रिटर्नच्या तारखेपासून पाच वर्षं आहेत. म्हणजे असं होऊ शकतं की ऑर्डर आली आणि ते रिटर्न भरायचा रस्ताच बंद झालेला आहे. तुमची ऑर्डर अशा जुन्या काळाची असेल तर ६० दिवसांचा हिशोब सोडा आणि सरळ तीन महिन्यांच्या आत अपिलाची तयारी करा.

बंद पडलेल्या धंद्यांचं वेगळंच. शहापूर-वडगावकडे माग बंद केले, भाड्याचं दुकान सोडलं, पण जीएसटी नंबर तसाच चालू ठेवला. "धंदाच नाही तर रिटर्न कसलं?" नंबर चालू आहे तोवर निल रिटर्न भरावंच लागतं, ते १४४०९ वर एसएमएस करून पण भरता येतं, कॉम्प्युटर सुद्धा लागत नाही. धंदा बंद केला की आरईजी-१६ फॉर्मने नंबर सरेंडर करा. त्यानंतर पण एक काम राहतं, नंबर रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० म्हणजे शेवटचं रिटर्न, आणि ते भरलं नाही तरी हीच कलम ६२ ची ऑर्डर येऊ शकते. खात्यानेच नंबर रद्द केला असेल, मासिकवाल्यांनी सहा महिने आणि तिमाहीवाल्यांनी दोन तिमाह्या रिटर्न न भरल्यामुळे तसं करतात, आणि धंदा पुढे चालवायचा असेल तर आरईजी-२१ ने ९० दिवसांत परत मागता येतो, पुढे कमिशनरांच्या पातळीवर आणखी १८० दिवसांपर्यंत वाढ मिळू शकते, पण आधी सगळी थकलेली रिटर्न भरून.

काहीच केलं नाही तर काय होतं तेही सांगतो, भीती घालायला नाही पण माहिती असावी म्हणून. लागोपाठ दोन रिटर्न थकली की ई-वे बिल बंद होतं, आणि आपल्या भागात तर कोल्हापूर, गोवा, सांगली सगळं राज्याबाहेर, ५०,००० च्या वरचा माल गाडीत घालताच येत नाही. ऑर्डरनंतर तीन महिन्यांनी वसुली सुरू होऊ शकते, त्यात डीआरसी-१३ म्हणजे वसुलीचा आदेश बँकेला जातो आणि बँक तुमच्या खात्यातून पैसे देऊन टाकते, कामगारांचा पगार तिथेच होता म्हणून बँक थांबत नाही.

अपील करायचं असेल तर एपीएल-०१ फॉर्म, जेवढा टॅक्स मान्य आहे तेवढा पूर्ण आणि ज्यावर वाद आहे त्याचे दहा टक्के आधी भरायचे, ते भरले की उरलेल्या रकमेची वसुली थांबते. तीही मुदत गेली तर उरतं हायकोर्ट, आपल्याला त्यासाठी बेंगळूर गाठावं लागत नाही, धारवाडचं खंडपीठ आहे. उशिरा भरलेली रिटर्न मान्य करून घेतल्याच्या केसेस देशातल्या काही हायकोर्टांत झाल्यात, पण त्यात वकिलाचा खर्च बघता लहान दुकानदाराने तिथपर्यंत वेळ येऊ देऊ नये.

ऑफिसात जायची वेळ आली तर आधी रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट बघा, तुमची फाईल राज्याच्या अधिकाऱ्याकडे आहे की केंद्राच्या, दोन्हींची ऑफिसं वेगळी, चुकीच्या ऑफिसात जाऊन दिवस मोडतो. आपल्या बऱ्याच लोकांना कन्नड वाचता येत नाही म्हणून ते जायचंच टाळतात किंवा कोणीतरी मधला माणूस धरतात आणि तो दहा हजार घेऊन जे पोर्टलवर फुकट होतं तेच करतो. पोर्टलवरची ऑर्डर इंग्रजीत असते, तुमचं उत्तरही पोर्टलवर इंग्रजीत जातं, भाषेपायी कुणाचे ६० दिवस जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. मुलगा-मुलगी कॉलेजला असेल तर त्यांना शेजारी बसवा आणि ऑर्डर ओळ न् ओळ वाचून घ्या.

२०२५ च्या जुलैत यूपीआयच्या जमा रकमेवरून राज्यात छोट्या व्यापाऱ्यांना ज्या नोटिसा आल्या होत्या त्या या प्रकारात मोडत नाहीत, त्या नंबरच न घेतलेल्यांसाठी होत्या, मालाच्या धंद्याला ४० लाख आणि सेवेला २० लाखांच्या मर्यादेवरून. तिथे रिटर्न भरून सुटका होत नाही, कारण नंबरच नाही, त्यांनी उत्तर देणंच गरजेचं. प्रोफेशनल टॅक्सची नोटीस पण याच खात्याकडून येते पण कायदा वेगळा, त्यात ही साठ दिवसांची सोय शोधू नका.

रिटर्न भरून झालं की बहुतेक लोक सुटलो म्हणून लॉगआऊट करतात. कायद्याने ऑर्डर मागे गेली असली तरी डीआरसी-०७ ची डिमांड पोर्टलवर तुमच्या लायबिलिटी रजिस्टरमध्ये, म्हणजे देण्यांच्या नोंदीत, तशीच दिसत राहू शकते आणि वसुलीवाला माणूस ती यादीच बघतो. म्हणून रिटर्न भरल्या भरल्या एक साधं पत्र द्या, ऑर्डरचा नंबर, ती मिळाल्याची तारीख, रिटर्नचा एआरएन, भरल्याची तारीख, व्याज आणि लेट फी भरल्याचा पुरावा, आणि कलम ६२ च्या पोटकलम २ प्रमाणे ऑर्डर मागे गेली आहे तरी डीआरसी-०८ काढून डिमांड काढून टाकावी अशी विनंती. पत्राच्या एका प्रतीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घ्या, पंधरा दिवसांनी रजिस्टर उघडा, रक्कम अजून दिसत असेल तर तीच प्रत घेऊन परत जा, आणि तिथे शून्य दिसेपर्यंत फाईल कपाटात टाकू नका.